इंदूरच्या छोट्या कंपनीत पगाराची रचना कशी करावी: डोक्याने काम करणारी माणसं टिकवण्यासाठी

विजयनगर, पलासिया किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला वीस-तीस माणसांची कंपनी चालवणाऱ्या बहुतेक मालकांकडे पगाराची पद्धत अशी काही नसते. पहिला माणूस ओळखीतून येतो, त्याला जमेल तेवढं दिलं जातं. दुसरा घासाघीस करून थोडं जास्त घेतो. तिसऱ्याच्या हातात पुण्याची ऑफर असते, म्हणून त्याला एकदम दीडपट. चार वर्षांनी पगाराचा तक्ता उघडला की त्यात कोण काय काम करतो ते दिसत नाही. कोणाला घासाघीस जमते, एवढंच दिसतं. सॉफ्टवेअरवाले, डिझायनर, सीएच्या ऑफिसातले लोक, पिथमपूरच्या औषध कंपन्यांत फॉर्म्युलेशन करणारे, कोचिंगमधले शिक्षक, म्हणजे ज्यांचं काम डोक्याने चालतं, त्यांना हे सगळ्यात आधी कळतं आणि ते सगळ्यात आधी निघतात.

हा लेख अशा मालकासाठी आहे, किंवा ज्याच्या अंगावर नुकतंच एचआरचं काम येऊन पडलंय त्याच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्याचा पगार तेवढाच का आहे, हे तुम्हाला त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला न अडखळता सांगता आलं पाहिजे. बोनस, शेअर, विमा हे सगळं त्याच्यानंतर. नवी रचना एप्रिलपासून लागू करायची असेल तर ऑक्टोबरात कामाला लागा.

आधी सगळे पगार एका कागदावर

एक्सेलची एक शीट घ्या. नाव, प्रत्यक्ष काम, एकूण अनुभव, रुजू होण्याची तारीख, तेव्हाचा पगार, आजचा पगार, शेवटची वाढ कधी आणि किती. हुद्दा लिहू नका. छोट्या कंपन्यांत हुद्दे पगाराऐवजी वाटलेले असतात. पाच माणसांत तीन ‘सीनियर’ आणि एक ‘व्हाइस प्रेसिडेंट’ निघतो. प्रत्यक्ष काम लिहा: कोण कोणाला विचारून काम करतो, कोणाकडे अडलेली गोष्ट सोडवायला पाठवतात, क्लायंटचा फोन कोण घेतो.

मग शीट पगारानुसार न लावता कामानुसार लावा. एकसारखं काम करणारे दोघं एकाखाली एक आले आणि त्यांच्या पगारात मोठी तफावत दिसली, की कारण शोधा. ‘याला जास्त अवघड भाग सांभाळता येतो’ हे कारण चालतं. ‘त्याचा आधीचा पगारच कमी होता’ किंवा ‘तिने कधी मागितलंच नाही’ हे चालत नाही. स्त्रिया आणि पुरुष वेगळे काढूनही एकदा बघा. सारख्या किंवा मिळत्याजुळत्या कामासाठी लिंगावरून कमी-जास्त वेतन द्यायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे आणि त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही ती कायम आहे. बाळंतपणाच्या रजेच्या वर्षी जिची वाढ ‘या वर्षी काम कमी झालं’ म्हणून शून्य धरली गेली, ती बाई पुढची सगळी वर्षं त्या एका शून्यावरून मागे राहते. अशी नावं या शीटमध्ये हमखास सापडतात.

दुसरी हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे उलटा पगार. चार वर्षं इमानाने काम केलेला, सगळा जुना कोड तोंडपाठ असलेला माणूस सात लाखांवर आणि गेल्या महिन्यात आलेला, त्यालाच विचारून काम शिकणारा माणूस नऊ लाखांवर. हे कसं होतं ते उघड आहे. बाजाराचा दर दरवर्षी वर जातो, नव्या माणसाला तो द्यावाच लागतो, जुन्याला मात्र आपण त्याच्याच जुन्या आकड्यावर आठ-दहा टक्के चढवत राहतो. आणि ही गोष्ट लपत नाही. राजेंद्रनगर, सुदामानगरच्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत तुमच्याकडचे दोन जण शेजारी बसले की जिलेबी येण्याच्या आधी आकडे बाहेर पडलेले असतात. पगार गुप्त ठेवा असं ऑफर लेटरमध्ये लिहून हे थांबत नाही.

अशी नावं लाल रंगाने खूण करून ठेवा. त्यांचं काय करायचं ते वाढीच्या भागात येईल.

पातळ्या ठरवा, पण हुद्द्यांच्या नव्हे

तीस माणसांसाठी चार-पाच पातळ्या पुरतात. वर्षांच्या अनुभवावर पातळी ठरवणं सोपं असतं म्हणून सगळे तसं करतात, पण सहा वर्षं एकच काम सहा वेळा केलेला माणूस आणि सहा वर्षांत सहा वेगळी कामं शिकलेला माणूस एका पातळीवर कसे बसवणार? त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: याच्यावर किती मोठी अडचण सोपवून मी निर्धास्त झोपू शकतो?

पहिल्या पातळीवरचा माणूस नेमकं सांगितलेलं काम नीट करतो. दुसऱ्यावरचा अडलं तर आधी स्वतः धडपडतो, मग विचारतो. तिसऱ्यावरचा एक अख्खं काम सुरुवातीपासून क्लायंटच्या हातात पडेपर्यंत स्वतंत्रपणे नेतो. चौथ्यावरचा इतरांचं अडलेलं सोडवतो आणि चुका होण्याआधी दाखवून देतो. पाचव्यावरचा मुळात काय बनवायचं, कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं हे ठरवतो. प्रत्येक पातळीखाली तुमच्याच ऑफिसातल्या कामाची दोन-तीन खरी उदाहरणं लिहा. नेटवरून उतरवलेली ‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ वगैरे यादी कोणालाच काही सांगत नाही.

इथे एक गोष्ट अगदी हट्टाने करा: तिसऱ्या पातळीनंतर दोन वाटा ठेवा, एक माणसं सांभाळण्याची आणि एक कामात खोल उतरण्याची, आणि दोन्हींचा पगार बरोबरीने चढू द्या. आपल्याकडे सगळ्यात चांगल्या प्रोग्रामरला बक्षीस म्हणून टीम लीड करतात. त्याला माणसं सांभाळायला आवडत नसतं, सुट्ट्यांचे अर्ज आणि भांडणं मिटवण्यात त्याचा दिवस जातो, पण पगार वाढायला दुसरी वाटच नसते म्हणून तो हो म्हणतो. वर्षभरात तुमचा उत्तम प्रोग्रामर जातो आणि एक नाराज मॅनेजर उरतो. बऱ्याचदा पुढच्या वर्षी तोही जातो. चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात हेच होतं: जीएसटीच्या नोटिशीला सगळ्यात चोख उत्तर लिहिणाऱ्या मुलीला आर्टिकलशिपच्या शिकाऊ पोरांवर देखरेखीला बसवतात. कामात खोल उतरण्याच्या वाटेवरचा माणूस त्याच्या मॅनेजरपेक्षा जास्त पगार घेत असला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते मॅनेजरच्या मनात, आणि त्याच्याशी हे आधी बोलून घ्यावं.

बाजाराचा दर आणि ‘इंदूरचा दर’

प्रत्येक पातळीला मधला एक आकडा ठरवायचा. त्याच्या साधारण वीस टक्के खाली आणि वीस टक्के वर, एवढा पट्टा. समजा तिसऱ्या पातळीचा मधला आकडा १० लाख, तर पट्टा ८ ते १२ लाखांचा. चौथीचा पट्टा तिसरीच्या वरच्या भागावर थोडा चढलेला असू द्या, म्हणजे बढती न मिळालेल्यालाही पुढे सरकायला जागा राहते.

मधला आकडा आणायचा कुठून? पगारांच्या वेबसाइटींवर इंदूरची माहिती विरळ असते, त्यात कंपनी मोठी की छोटी हेही कळत नाही. त्यापेक्षा तुमच्या हातात असलेली माहिती वापरा: तुमची ऑफर नाकारून गेलेल्यांनी सांगितलेले आकडे, राजीनामा दिलेल्यांना मिळालेल्या ऑफर, दोन-तीन रिक्रूटरशी झालेल्या गप्पा, एसजीएसआयटीएस आणि आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलमध्ये फ्रेशरचा चालू दर. प्रत्येक पातळीला पाच-सहा खरे आकडे मिळाले तरी मधला कुठे आहे ते दिसतं.

‘आपलं इंदूर स्वस्त आहे, इथे पुण्याचे दर कशाला?’ हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असतं. त्यात तथ्य होतं. पुण्याला १२ लाख मिळत असतील आणि घरभाड्याला महिन्याला २५ हजार जात असतील, तर वर्षाचे ३ लाख गेले; इंदूरला वडिलांच्या घरात राहून ९ लाखांत तेवढंच हातात राहतं, वर आईच्या हातचं जेवण. पण या हिशेबाला आता दोन भगदाडं पडली आहेत. एक तर तुमच्याकडची निम्मी मुलं खंडवा, बऱ्हाणपूर, धार, देवासहून आलेली असतात आणि इथेही भाडंच भरतात. दुसरं, घरून काम देणाऱ्या कंपन्या पुणे-बंगळुरूचा पगार थेट सुदामानगरच्या घरात पोचवतात. भाड्याची वजाबाकी तिथे लागूच होत नाही. तेव्हा ज्या कामांसाठी अशी घरबसल्या नोकरी सहज मिळते, म्हणजे अनुभवी डेव्हलपर, डेटावाले, क्लाउडवाले, त्यांचा मधला आकडा इंदूरच्या दराने ठरवू नका. ज्यांचं काम ऑफिसात किंवा प्रयोगशाळेत येऊनच होतं, त्यांच्यासाठी इंदूरचा दर अजून चालतो. एकाच कंपनीत दोन प्रकारची कामं दोन बाजारांशी जोडावी लागली तर तसं उघड सांगा.

आणि माणसाचं घर स्वतःचं आहे की भाड्याचं, लग्न झालंय की नाही, यावरून पगार ठरवू नका. वरचा हिशेब माणसं का जातात हे समजायला आहे. पगार कामाचा.

सीटीसीचा (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा) खेळ बंद करा

नव्या माणसाला पहिल्या पगाराच्या दिवशी फसवल्यासारखं वाटलं, तर पुढे कितीही गोड बोललात तरी ते भरून येत नाही. ‘९ लाखांचं पॅकेज’ या एका वाक्याचे किती अर्थ होतात बघा.

महिन्याचे ७५,०००. मूळ पगार निम्मा, ३७,५००. कंपनीचा पीएफ १५,००० च्या वैधानिक मर्यादेवर धरला तर १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,८०४. हे दोन्ही पॅकेजमध्ये धरले तर उरले ७१,३९६. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० आणि मध्य प्रदेशचा व्यवसाय कर २०८ गेला की हातात ६९,३८८. आता पीएफ पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के धरला तर दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ४,५०० जातात आणि हातात येतात ६३,९८८. आणि पॅकेजमध्ये १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे निकालावर अवलंबून असलेला पगार, घुसवलं असेल, तर पहिल्या हिशेबातही दरमहा ७,५०० कमी. तीन कंपन्या ९ लाखच म्हणतात आणि माणसाच्या खात्यात तीन वेगळे आकडे पडतात.

पूर्ण पगारावरचा पीएफ वाईट आहे असं नाही. ती त्याचीच बचत आहे, आणि चाळिशीतला माणूस तेच मागेल. मुद्दा आधी दाखवण्याचा आहे. ऑफर लेटरसोबत एक पान जोडा: दरमहा खात्यात किती, पीएफमध्ये किती, वर्षातून एकदा किती, आणि कशावर अवलंबून किती. ग्रॅच्युइटी मात्र पॅकेजमध्ये मोजूच नये असं माझं मत आहे. कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. चौथ्या वर्षी निघालेल्याला तुम्ही दरवर्षी दाखवलेली ती रक्कम कधीच दिसत नाही.

भत्त्यांच्या लांबलचक यादीचेही दिवस गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेनुसार घरभाडं, प्रवास वगैरे वगळायचे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. मूळ पगार तीस टक्के ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी युक्ती त्यामुळे संपली. दुसऱ्या बाजूने, नवी कररचना घेणाऱ्याला घरभाडे भत्त्याची करसवलत मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून त्या रचनेत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत आयकर शून्य येतो. मूळ पगार, घरभाडे भत्ता आणि एक विशेष भत्ता, एवढ्यावर पगारपत्रक थांबवा. तुमच्या सीएला एकदा विचारा, तोही सुटकेचा श्वास टाकेल.

व्हेरिएबल: कोणाला आणि किती

नवा मालक इथे सगळ्यात जास्त उत्साहात असतो. ‘काम करेल त्याला मिळेल’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. विक्रीत ते बऱ्यापैकी चालतंही, कारण विकलेला माल मोजता येतो. डोक्याच्या कामात अडचण अशी की मोजता येतं ते महत्त्वाचं असतंच असं नाही.

बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली हे नीट मांडलं: एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि त्यातल्या मोजता येणाऱ्यांवरच पैसे लावले, तर तो न मोजता येणाऱ्या कामांतून हात काढून घेतो. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते करारांवरच्या अशाच कामासाठी. ऑफिसात ते असं दिसतं: बंद केलेल्या तिकिटांवर (क्लायंटच्या नोंदवलेल्या तक्रारींवर) बोनस लावला की सोपी तिकिटं पटापट बंद होतात, अवघड तिकीट एकमेकांकडे सरकत राहतं, आणि नव्या मुलाला शिकवायला कोणाला वेळ नसतो. सीएच्या ऑफिसात भरलेल्या रिटर्नच्या संख्येवर पैसे लावून बघा. नोटिशी पुढच्या वर्षी येतील, तोवर बोनस खर्च झालेला असेल.

मानसशास्त्राच्या बाजूनेही सावध राहायला कारण आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्याचे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागले. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि पगार देऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. पण आवडीने होणाऱ्या कामाच्या प्रत्येक तुकड्यावर किंमत चिकटवताना हात आखडता घ्यावा, एवढं त्यातून घेता येतं.

मग करायचं काय? पहिल्या तीन पातळ्यांना व्हेरिएबल ठेवूच नका, सगळा पगार पक्का. चौथ्या-पाचव्या पातळीला दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि तेही संपूर्ण कंपनीच्या किंवा टीमच्या निकालावर: नफा, वेळेवर झालेली कामं, टिकून राहिलेले क्लायंट. सूत्र एका ओळीत सांगता आलं पाहिजे, वर्षाच्या सुरुवातीला लिहून दिलेलं असलं पाहिजे, आणि मार्चमध्ये मालकाच्या मूडवर बदलता कामा नये. सूत्राप्रमाणे पैसे निघाले आणि मालकाला ते जास्त वाटले, तर त्या वर्षी पूर्ण द्या आणि पुढच्या वर्षीचं सूत्र बदला.

एखाद्याने खरोखर आगळंवेगळं काही केलं, समजा क्लायंटचा सर्व्हर रात्री दोनला पडला आणि त्याने तो उभा केला, तर त्याच आठवड्यात एकरकमी काहीतरी द्या आणि कशासाठी ते चारचौघांत सांगा. वर्षअखेरपर्यंत थांबलात तर त्याचा संबंधच तुटतो.

सक्तीने शंभरातले दहा वाईट ठरवण्याची पद्धत तर आणूच नका. मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षं चालवलेली तशी रँकिंगची पद्धत २०१३ मध्ये बंद केली. तीस माणसांच्या ऑफिसात तर ती थेट भांडणं लावते.

दिवाळीचा बोनस वेगळा ठेवा. महिना २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्यांना, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो. इतरांना जे द्याल ती भेट समजा, कामगिरीशी जोडू नका. दिवाळीच्या पाकिटावरून कोणाचं काम किती चांगलं याची मोजणी सुरू झाली की त्या सणाची गोडी गेलीच.

वाढ: दोन खिसे

आता लाल खुणांकडे. वाढीचं बजेट एकच ठेवलं की चांगल्या कामाची वाढ आणि जुन्या अन्यायाची भरपाई एकमेकांचे पैसे खातात. म्हणून दोन खिसे करा. समजा वर्षाचा पगारखर्च ३ कोटी आहे आणि वाढीला ९ टक्के, म्हणजे २७ लाख ठेवलेत. त्यातले ६ लाख आधी बाजूला काढा, फक्त पट्ट्याच्या खाली असलेल्यांना पट्ट्यात आणायला. ही दुरुस्ती आहे, बक्षीस नाही, आणि त्या माणसाला तसंच सांगायचं: ‘तुझा पगार तुझ्या कामाच्या मानाने मागे पडला होता, तो आम्ही जागेवर आणतोय, या वर्षीच्या कामाची वाढ वेगळी.’ हे वाक्य ऐकून माणूस जितका सैल होतो तितका अठरा टक्क्यांच्या मोघम वाढीनेही होत नाही.

उरलेले २१ लाख वाटताना दोन गोष्टी एकत्र बघा: काम कसं झालं आणि माणूस पट्ट्यात कुठे आहे. ८.४ लाखांवर असलेला आणि उत्तम काम करणारा तिसऱ्या पातळीचा माणूस १४ टक्के घेऊ शकतो. तेवढंच उत्तम काम करणारा पण ११.३ लाखांवर असलेला ५-६ टक्के आणि वर एकरकमी. त्याला वाईट वाटेल. तिथे प्रश्न पातळीचा असतो: तो चौथीचं काम करत असेल तर त्याला चौथीत घ्या, नसेल तर काय केल्यावर घेता येईल ते लिहून द्या. ‘सगळ्यांना सरसकट १० टक्के’ हे सोपं आहे, आणि चांगल्या माणसांना निघायला सांगण्याचा तो सभ्य मार्गही आहे.

दुरुस्ती एका वर्षात पुरी होत नसेल तर दोन वर्षांत करा, पण तारीख द्या.

इंदूरला थांबण्याचं खरं कारण: आई-वडील

पुण्याहून किंवा हैदराबादहून परत आलेल्या माणसाला का आलास म्हणून विचारा. दहापैकी बरेच जण आई-वडिलांचंच नाव घेतील. कोणाच्या वडिलांची बायपास झालेली असते, कोणाची आई एकटी रामबागेत राहते. तरीही आपल्या कंपन्या सोयी ठरवताना फूसबॉलचं टेबल आधी आणतात.

आई-वडिलांना धरून असलेला ग्रुप मेडिक्लेम हा इंदूरच्या कंपनीच्या हातातला सगळ्यात चांगला पत्ता आहे. वयस्कर माणसाला नवी वैयक्तिक पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीत बहुधा ते पहिल्या दिवसापासून धरले जातात. पालकांचा प्रीमियम महाग असतो हे खरं. तो झेपत नसेल तर कर्मचाऱ्यांना निवड द्या: निम्मा हप्ता कंपनीचा, निम्मा त्याचा; किंवा दाव्याचा ठरावीक हिस्सा त्याने भरायचा. सासू-सासरे की आई-वडील हेही त्यालाच ठरवू द्या. पॉलिसी घेताना एजंटला तीनच गोष्टी विचारा: खोलीच्या भाड्यावर मर्यादा किती, मोतीबिंदू आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा आहे का, आणि कर्मचाऱ्यांना जवळ पडणाऱ्या कुठल्या हॉस्पिटलांत कॅशलेस चालतं. रात्री अकराला वडिलांना दाखल करताना ज्या एचआरने फोन उचलला, ती कंपनी सोडताना माणूस दोनदा विचार करतो.

ज्यांचा पगार करपात्र होतो अशा वरच्या पातळीच्या लोकांना एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) पर्याय द्या. कंपनीने भरलेल्या रकमेवर, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या कररचनेतही वजावट मिळते. कंपनीचा खर्च वाढत नाही, त्याचा कर कमी होतो.

शेअर द्यायचे असतील तर

ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याला दिलेला पर्याय, हा शब्द हल्ली मुलाखतीतच निघतो. तुमची फर्म एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर विषय तिथेच संपतो. एलएलपीला शेअरच नसतात. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे योजना भागधारकांकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि पर्याय दिल्यापासून तो हक्काचा होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. सर्वसाधारण चाल चार वर्षांची असते, पहिल्या वर्षअखेरीस चौथा हिस्सा आणि मग हळूहळू.

ज्याला द्याल त्याला कर समजावून सांगा. पर्याय वापरून शेअर घेतले की त्या दिवसाचं वाजवी मूल्य आणि त्याने भरलेली किंमत यातला फरक पगार समजून करपात्र होतो, हातात एक पैसा आलेला नसला तरी. हा कर पुढे ढकलण्याची सवलत फक्त ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपना आहे. कंपनी विकली जाण्याची किंवा बाहेरून गुंतवणूक येण्याची शक्यता नसेल, तर असे शेअर म्हणजे तिजोरीत ठेवलेला कागद. अशा कंपनीने नफ्यातला ठरावीक वाटा रोखीने द्यावा. चौथ्या-पाचव्या पातळीच्या लोकांना, दोन हप्त्यांत, अर्धा आत्ता आणि अर्धा वर्षाने. मी तरी इंदूरच्या बहुतेक सेवा कंपन्यांना हेच सुचवेन.

बाँड आणि काउंटर ऑफर

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास भरपाई द्यायची, हा बाँड वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांआधी सोडल्याबद्दल दोन लाखांची अट वैध धरली. पण ती सरकारी बँक होती, भरतीचा तिचा खर्च आणि प्रक्रिया वेगळी. तुम्ही खरोखर खर्च करून एखाद्याला प्रशिक्षण दिलं असेल, तर त्या खर्चाएवढा आणि महिन्यागणिक कमी होत जाणारा बाँड समजण्यासारखा आहे. मूळ प्रमाणपत्रं कपाटात बंद करून ठेवणं मात्र अजिबात नको. बाँडमुळे थांबलेला माणूस खुर्चीत असतो, कामात नसतो.

राजीनामा आल्यावर दुसऱ्या दिवशी ४० टक्के वाढ देणं हा आणखी एक महागडा रिवाज. त्यातून बाकीच्या सगळ्यांना पगार वाढवून घ्यायची रीत कळते. एखाद्याचा पगार खरंच पट्ट्याखाली असेल तर तो राजीनाम्याआधीच लाल खुणेत असायला हवा होता. पट्ट्यात असेल तर शुभेच्छा द्या. सहा महिन्यांनी एकदा, अप्रेजलच्या वेळी नव्हे, प्रत्येक महत्त्वाच्या माणसाशी अर्धा तास बसा आणि विचारा: पुण्याहून फोन आला तर काय ऐकून तू हो म्हणशील? उत्तरं बऱ्याचदा पैशाबाहेरची निघतात, एखादा कंटाळवाणा क्लायंट, शनिवारचं काम, नव्या गोष्टीला हात लावायला न मिळणं. ती स्वस्तात सुटतात.

निघताना आणि परत येताना

वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही सवय आता मोडा; त्यासाठी रजेची शिल्लक आणि ॲडव्हान्सचा हिशेब नोटीस पिरियडमध्येच बंद करून ठेवा. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती ३० दिवसांच्या आत. अनुभवपत्र शेवटच्या दिवशीच हातात द्या.

गेलेल्यांतले काही जण दोन-तीन वर्षांनी परत फोन करतात, बहुधा आई-वडिलांच्या तब्येतीवरून. त्यांना घेताना ‘तू गेलास तेव्हा आठ लाखांवर होतास’ तिथून बोलणी सुरू करू नका, आणि पुण्याच्या पगारावरही नको. आजच्या पातळ्यांत त्याचं काम कुठे बसतं ते दोघांनी मिळून ठरवा आणि त्या पट्ट्यात आकडा द्या. मध्ये न जाता तुमच्याकडेच थांबलेला त्याच्या बरोबरीचा माणूस कितीवर आहे, हे ऑफर लेटर छापण्याआधी एकदा तपासा. तो मागे राहत असेल, तर आधी त्याचा पगार दुरुस्त करा.